तीन पायांचा घरजावई

"आधी नाव पुशी दख," असं म्हणत आप्पा अंगठ्याला थिनर लावायचे आणि समोरच्या वस्तूवरचं छापील नाव घासायला लागायचे. नाव निघालं तर माल नकली. टिकलं तर पुढची बोलणी. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांपुरतं हे ठीक होतं, कारण भलत्याच भागावर भलतंच नाव छापून विकणारे बाजारात पुष्कळ आहेत. पण आप्पांचा अंगठा तिथे थांबत नसे. कँटीनमधल्या बिस्किटाच्या डब्यावरून, माझ्या नव्या पेनावरून, तपासणीला आलेल्या एका साहेबांच्या चार्जरवरूनसुद्धा तो फिरलेला आहे. साडूच्या मुलीच्या लग्नात साडूने नवरदेवाला दिलेलं घड्याळ त्यांनी घासून पाहिलं आणि त्याचा सोनेरी रंग हातात आला. साडू बरेच दिवस बोलत नव्हता. "मी काय खोटं बोलनू का?" एवढंच आप्पांचं म्हणणं होतं.

तापीकाठच्या एका लहानशा साखर कारखान्यात मी स्टोअरकीपर आहे आणि आप्पा तिथे इलेक्ट्रॉनिक्सची दुरुस्ती बघायचे. त्यांचं कागदावरचं नाव वेगळं होतं, पण पगाराच्या दिवसाखेरीज ते कोणाला आठवत नसे. गाव प्रकाशा. डोक्याला रुमाल, खिशात टेस्टर, आणि तोंडात स्वतःची स्तुती. नम्रपणा हा प्रकार त्यांच्याजवळ नव्हताच. दुरुस्ती झाली की स्वतःच "वा" म्हणायचे आणि आपल्याकडे बघायचे, आपणही म्हणावं म्हणून. तुमच्या ओळखीत असा एखादा असेलच. त्याच्याशी बोलताना डोकं उठतं, आणि तो चार दिवस रजेवर गेला की कामात लक्ष लागत नाही.

आप्पांचा जीव चार यंत्रांत होता. उसाच्या रसाचा घट्ट पाक झाला की तो मोठ्या जाळीच्या भांड्यात घालून गरगर फिरवतात. मळी बाहेर फेकली जाते आणि साखर आत राहते. ही फिरवणारी यंत्रं आमच्याकडे फार जुनी होती. त्यांच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या कार्डांवर वाटाण्याएवढा, पत्र्याची टोपी घातलेला, तीन पायांचा एक भाग असायचा. त्याला यूजेटी म्हणतात. आप्पांनी मला तो असा समजावला होता: एक भांडं थेंबाथेंबाने भरतंय, आणि पाणी ठरलेल्या रेषेला टेकलं की हा ते झटकन उलटं करतो. पुन्हा भरतं, पुन्हा उलटं. सेकंदात कितीतरी वेळा. रेषा चुकली की मोटर झटके खाते, यंत्र कण्हायला लागतं, आणि आप्पा जेवणाचा डबा उघडा टाकून पळतात.

एक दिवस मुंबईच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं की कंपनीने हा भाग बनवणं बंद केलं आहे. फोन माझ्या टेबलावरचा होता आणि आप्पा शेजारी उभे होते. त्यांनी तो माझ्या हातातून घेतला.

"बंद म्हणजे?"

"बंद म्हणजे बंद. बदली नंबर देऊ का?"

"बदली तुले ठेव," म्हणून आप्पांनी फोन ठेवून दिला.

बदली या शब्दाचा त्यांना लहानपणापासून राग असावा. शेवभाजीत नेहमीच्या दुकानाची शेव नसेल तर पहिल्याच घासाला ओळखायचे, आणि काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, तसं सांगायचेही. काकू म्हणायच्या, "मी बदलाई गऊ तरी यास्नी समजी का, देवले माहीत." यंत्रांच्या बाबतीत तर विषयच नव्हता. अस्सल ते अस्सल. मग त्यांनी धुळ्याच्या भंगारवाल्यांपासून सुरतेच्या जुन्या दुकानदारांपर्यंत सगळीकडे तोच भाग शोधायला सुरुवात केली. कुठल्या जुन्या बॅटरी चार्जरमधून एक, कुठल्या बंद पडलेल्या गिरणीच्या पॅनेलमधून दोन, असे जमवले. प्रत्येकाचं नाव घासून पाहिलं. मग थर्मोकोलच्या पांढऱ्या तुकड्यात त्यांचे पाय रोवून सगळे ओळीने उभे केले आणि तो तुकडा माझ्या कपाटात ठेवला. अधूनमधून यायचे, कपाट उघडायला लावायचे, नुसते बघायचे आणि जायचे.

हंगामाआधीच्या बैठकीत एमडी साहेबांनी विषय काढला. या चार यंत्रांचे भाग मिळत नाहीत, मग किती दिवस रेटायचं? ऐन हंगामात ती अडली तर पाक घट्ट होणार, गाळप थांबणार, शेतकऱ्यांचा ऊस गाड्यांवर वाळणार. शेवटी ते आप्पांना म्हणाले, या हंगामात तक्रार आली तर चारही यंत्रं भंगारात काढू. नव्या यंत्रांची देखभाल विकणारी कंपनीच करते, तेव्हा तुमच्या खोलीचं गोडाऊन करू, आणि तुम्ही निवृत्तीपर्यंत वजनकाट्यावर बसा.

ती खोली म्हणजे आप्पांचं सगळं होतं. यंत्रघराच्या मागे, एका खिडकीची, सोल्डरच्या धुराने भिंती पिवळ्या पडलेली. तिथे त्यांनी केस पांढरे केले होते. पण बैठकीत त्यांचा चेहरा जराही हलला नाही. "मी शे ना," म्हणाले. कपाटात ओळीने उभा असलेला माल त्यांच्या डोळ्यांसमोर होता.

आता दसऱ्याचं सांगते. कारखान्यात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पान्हे, मीटर, वजनं, ऊस तोडायचे कोयते, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडतात, झेंडू आणि आपट्याची पानं वाहतात. ज्याला जे सगळ्यांत मोलाचं, ते त्याने पुढे ठेवायचं अशी आमच्याकडची पद्धत. आप्पांनी माझ्या कपाटातून तो थर्मोकोल काढला आणि आरतीच्या तबकाला अगदी टेकवून उभा केला.

"जरा मागे ठेवा ना, आप्पा," मी म्हटलं.

"ज्याना जीववर हंगाम शे, तो मांगे काब्र बठी?"

आरतीही त्यांनाच करायची होती. तबक ओवाळून खाली ठेवताना पंख्याच्या वाऱ्याने कापराची जळती वडी घसरली आणि थर्मोकोलला लागली. थर्मोकोल आधी आक्रसला, मग काळा धूर सोडत भडकला. कोणीतरी कलशातलं पाणी ओतलं. तोवर पाटावर एक काळा, चिकट गोळा उरला होता आणि त्यात टोप्या रुतलेल्या दिसत होत्या. आरती म्हणणारे अर्ध्यात थांबले होते.

आप्पांनी तो गोळा सांडशीने उचलून खोलीत नेला. चाकूने एकेक भाग मोकळा केला, पुसला, मीटरला लावला. मी दारात उभी होते. मला रडू येत होतं. सगळ्यांतून एकच जिवंत निघाला.

"देवले अस्सल माल जोयजे व्हता, लई गया," ते म्हणाले. त्यात विनोद होता, पण हसलो नाही आम्ही दोघंही. चालू कार्डांवर होते तेही भाग थकलेले होते, हे मला ठाऊक होतं. त्यातले किती हंगाम काढतील याचा भरवसा नव्हता, आणि मोळी टाकून गाळप सुरू करायला फार दिवस उरले नव्हते.

मग आम्ही मिळेल तिथून मागवलं. पार्सलं यायला लागली. भाग चकचकीत, नाव ठळक. आप्पांनी थिनरची बाटली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाले, "तूच पुस." मी पुसलं. वरचं नाव गेलं आणि खालून दुसरंच नाव आलं. सगळ्या पार्सलांचं हेच. काहींच्या खालून तर काहीच आलं नाही. एकाही दुकानदाराला आप्पा फोनवर ओरडले नाहीत, आणि त्याचीच मला भीती वाटली. स्वतःची स्तुती तर त्यांनी दसऱ्यापासून केलेली नव्हती. कँटीनमध्ये समोर ठेवलेला चहा ते मुकाट्याने पिऊन जायचे, कुठल्या पावडरीचा आहे हेही न विचारता.

असे काही दिवस गेले आणि एका सकाळी ते माझ्या खिडकीशी आले. आमच्याकडे अगदी साधे ट्रान्झिस्टर असतात, दारावरच्या बेलपासून सगळ्यात लागणारे. त्याचे दोन प्रकार. आप्पा म्हणाले, "दोन्ही जातना मूठ मूठ दे."

"बदली माल, आप्पा?" मी मुद्दाम विचारलं. इतक्या वर्षांत अशी संधी पहिल्यांदाच मिळाली होती.

"दे ना वं माय," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

त्यांनी काय केलं ते मला जेवढं कळलं तेवढं सांगते. दोन साधे ट्रान्झिस्टर घेतले आणि असे जोडले की एकाने दुसऱ्याला ढकलायचं आणि दुसऱ्याने पहिल्याला. एकदा ढकलाढकली सुरू झाली की भांडं झटकन उलटं. ते कुठल्या रेषेला उलटं व्हावं, हे ठरवायला दोन रेझिस्टन्स. आगीतून वाचलेला तो एकुलता एक अस्सल भाग त्यांनी यंत्रावर चढवला नाही. टेबलावर ठेवला, त्याची रेषा मोजली, आणि प्रत्येक नव्या जोडीला त्याच्याबरोबर पळवून बघितलं. जी जोडी मागेपुढे झाली ती बाजूला. जमली ती एका लहान डबीत बसवून, वरून लाख ओतून, खाली तीनच पाय काढले. म्हणजे जुन्याच्या जागी ती नेमकी बसावी. कार्डाला कळूही नये.

पहिली डबी तयार झाली तेव्हा ते ती घेऊन स्टोअरात आले. चेहऱ्यावर जुना तोरा परत आलेला होता.

"हाऊ घरजावई शे," म्हणाले. "घर त्यानं नही. पन घर तोच चालाडस."

"आणि तुमचं अस्सल ते अस्सल?"

"अस्सल काम करस तो अस्सल," आप्पा म्हणाले. आयुष्यभराचं मत त्यांनी एवढ्या सहज बदललं की जणू ते पहिल्यापासून हेच म्हणत होते. मला हसू आलं आणि फार बरंही वाटलं.

चाचणीच्या दिवशी यंत्रघरात सगळे जमले. एमडी साहेबही आले. सगळ्यांची तोंडं यंत्राकडे होती. आप्पा मात्र यंत्राला पाठ करून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. मोटर घरघरली, वेग धरला, आवाज चढत चढत एका सुरात स्थिर झाला. आप्पांनी वळूनही पाहिलं नाही. आमच्या चेहऱ्यांवर त्यांना जे बघायचं होतं ते दिसलं आणि ते चहा प्यायला निघून गेले. चहा मुंबईच्या पावडरीचा आहे, अशी तक्रारही त्यांनी केली.

हंगाम जोरात चालला. जिथे जुना भाग दम सोडी तिथे घरजावई बसे. आप्पांचा तोरा दिवसेंदिवस वाढत होता. इलेक्ट्रिशियनांना त्यांनी बजावून ठेवलं होतं, "मन्हा कार्डले कोनी हात नही लावाना." कोणी लावतही नसे.

याच बजावण्याने घोळ केला. आप्पा मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतेला गेले होते आणि मागे एक यंत्र झटके खायला लागलं, मग दुसरंही. मी फोन लावला. आप्पा पलीकडून सांगत होते, कार्ड बाहेर काढा, अमुक बघा, तमुक हलवा. पण आमचे इलेक्ट्रिशियन पॅनेलचं दार उघडून नुसते उभे राहिले. आप्पांच्या कार्डाला हात लावायचा नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं. पाक साचला, गाळप मंदावलं, फाटकाबाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागली. आप्पा मिळेल त्या एसटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले.

मी त्यांना घ्यायला फाटकाशी गेले होते. रांगेतून येताना ते एका बैलगाडीपाशी थांबले. गाडीखालच्या सावलीत अक्कलकुव्याकडच्या डोंगरातली एक ऊसतोड करणारी बाई बसली होती. तिच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. आप्पांनी त्याच्या कपाळाला हात लावला आणि तिच्या नवऱ्याला विचारलं, "दवाखानामा काब्र नही लई गया?"

"गाडी सोडली तं नंबर जाईन," तो म्हणाला. कालपासून ते तिथेच होते.

आप्पांनी कारखान्याची जीप बोलावली, त्या तिघांना शहाद्याच्या दवाखान्यात पाठवलं आणि बैलांजवळ एका पहारेकऱ्याला उभं केलं. मग यंत्रघरात जाऊन दोन्ही कार्डं काढली. दोन्हींवर डबीचा एकेक पाय सोल्डरमधून सुटला होता, एवढंच. चहा होईपर्यंत काम आटपलं. त्या दिवशी ते "वा" म्हणाले नाहीत. पोराचा ताप दोन दिवसांनी उतरला, ते मी दवाखान्यात फोन करून त्यांना सांगितलं. 

हंगाम संपल्यावर आप्पा एमडी साहेबांकडे गेले. खरेदीच्या कामासाठी मीही तिथे होते. साहेबांसमोर आप्पा शाळेतलं मराठी बोलायचे. "साहेब, ती चारही यंत्रं आता काढून टाका," म्हणाले.

साहेब चकित झाले. "अहो, पण चालताहेत ना? तुम्हीच तर चालवलीत."

"चालताहेत म्हणूनच सांगतो. बंद पडल्यावर माझं कोण ऐकणार?" मग थोडं थांबून म्हणाले, "एका माणसावर कारखाना टांगायचा नसतो, साहेब. मी सुरतेला गेलो तर हे हाल. उद्या वर गेलो तर?"

बाहेर आल्यावर मी त्यांच्या मागे लागले. "आप्पा, काय करून बसलात? तुमची खोली जाईल."

"जाऊ दे."

"एवढी झटापट केलीत ती कशासाठी मग?"

ते चालता चालता थांबले. "पोरनं अंग किती तपी ऱ्हायनं व्हतं, तू हात लावा व्हता का?"

मी हात लावला नव्हता. 

नवी यंत्रं आली. ती बसवायला आलेल्या तरुण इंजिनिअरला आप्पांनी पहिला प्रश्न विचारला की यातलं सगळ्यांत आधी काय मिळेनासं होईल? तो हसला, मग विचारात पडला, आणि दोन-तीन भागांची नावं सांगितली. आप्पांनी ते भाग त्याच खरेदीत जास्तीचे मागवायला लावले, आणि आमच्या इलेक्ट्रिशियनांना त्या इंजिनिअरच्या शेजारी बसवलं. सगळ्यांनी हात लावायचा, असा नवा हुकूम होता. खोलीचं गोडाऊन झालं. निवृत्तीपर्यंतचे उरलेले महिने आप्पा वजनकाट्यावर बसले आणि तिथल्या काट्यालाही नावं ठेवत राहिले. जुनी यंत्रं पॅनेलांसकट धुळ्याच्या भंगारवाल्याने नेली. ट्रक निघाला तेव्हा आप्पा काट्यावरच होते. त्याचं वजन त्यांनीच केलं.

गेल्या पावसाळ्यात आप्पा गेले. दुपारचं जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. प्रकाशाला सुतक फेडायच्या, गंधमुक्तीच्या कार्यक्रमाला आमचं यंत्रघर बहुतेक सगळं आलं होतं. काकू मला म्हणाल्या, शेवटच्या दिवशी शेव दुसऱ्या दुकानाची होती, आणि ते काही बोलले नाहीत. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

यंदा हंगाम सुरू झाल्यावर स्टोअरच्या फोनवर एक अनोळखी आवाज आला. गुजरातच्या हद्दीत खांडसरी साखरेचा छोटा कारखाना चालवणारा एक माणूस होता. आमची जुनी यंत्रं त्याने भंगारवाल्याकडून उचलली होती आणि चारही चालवत होता.

"बेन, मशीन एकदम सरस चालतंय," तो म्हणाला. "पण एकमां ती तीन पायवाळी डबी उडाली. बाजारमां कुठे मळत नाही. तुमच्याकडे हशे?"

"ती मिळत नाही," मी म्हटलं. "बनवावी लागते. लिहून घ्या."

आणि मी सांगत गेले. कुठला ट्रान्झिस्टर, त्याच्या जोडीला कुठला, रेझिस्टन्स किती किती, कोणता पाय कोणाला. आप्पांना हे सामान मी खिडकीतून इतक्यांदा दिलं होतं, आणि त्यांनी दर वेळी ते इतकं समजावून सांगितलं होतं, की अडखळायला झालंच नाही. तो मुकाट्याने लिहीत होता. सगळं झाल्यावर म्हणाला, "बेन, हे ज्याने बनवलं त्याचा नंबर आपो ने. मी डायरेक्ट विचारून घेतो."

आप्पांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. मी तो काढलाही.

"नंबर नको," मी म्हटलं. "सांगितलं तसं जोडा. चालतं ते."